वाचक विचारतात : अल्बानियाची रिकामी गादी आणि बोस्टनचा बिशप

गेल्या अंकात क्रिकेटपटू आणि नवानगर संस्थानचे राजे रणजितसिंहजी यांच्या जिनिव्हातल्या दिवसांविषयी लिहिताना ओघात एक वाक्य आलं होतं. त्यांचे जिवलग मित्र आणि इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार सी. बी. फ्राय यांना तिथे अल्बानियाचं राजेपद देऊ केलं गेलं, असं फ्राय सांगत असत. या एका वाक्यावर जितकी पत्रं आली तितकी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. शिवाय या निमित्ताने एका माणसाबद्दल बोलता येईल. कॉलेजात बाल्कनचा इतिहास शिकवत असताना मी या माणसासाठी नेहमी एक तास राखून ठेवायचो. अभ्यासक्रमात त्याला अर्धी ओळही नव्हती. त्याचं नाव फान नोली, अल्बानियन बिशप आणि पुढे त्या देशाचा पंतप्रधान.

प्रश्न : फ्राय यांना खरोखरच राजेपद मिळत होतं, की ही क्रिकेटवाल्यांची दंतकथा आहे? एखाद्या देशाची गादी अशी परक्या माणसाला देता येते का? (एक वाचक, सांगली)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे पहिला सोपा होईल. त्या काळात बाल्कनमध्ये राजे बाहेरूनच आणले जात. ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या गादीवर बव्हेरियाचा राजपुत्र बसला. त्याला घालवल्यावर डेन्मार्कचा आणला. रोमानियात होहेनझोलर्न घराणं आलं, बल्गेरियात कोबुर्ग. हिशेब सरळ होता. गावातला एक सरदार राजा केला की बाकीचे सरदार बंड करतात, आणि परका आणला की निदान युरोपातल्या बड्या सत्तांची हमी तरी सोबत येते.

अल्बानियाने 28 नोव्हेंबर 1912 रोजी व्लोरा शहरात स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये सहा बड्या सत्तांच्या राजदूतांनी त्याला मान्यता दिली आणि तिथे एक राजपुत्र बसवायचं ठरवलं. निवड झाली विल्हेल्म त्सू वीड या जर्मन सरदाराची. तो प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होता आणि रोमानियाच्या राणीचा भाचा होता. 7 मार्च 1914 ला तो दुरस बंदरात उतरला आणि 3 सप्टेंबरला निघून गेला. बंड, रिकामी तिजोरी आणि वर महायुद्ध, यांच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. मात्र जाताना त्याने राजत्याग केला नाही. त्यामुळे अल्बानिया कागदोपत्री राजेशाही राहिला आणि गादी रिकामी राहिली. 1920 च्या जानेवारीत लुश्न्या गावी भरलेल्या परिषदेने राजाच्या जागी चार जणांचं मंडळ नेमलं. एक सुन्नी, एक बेक्ताशी (हा मुसलमानांतला सूफी पंथ), एक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि एक कॅथलिक.

आता फ्राय. 1901 मध्ये सलग सहा डावांत सहा शतकं, लांब उडीत विश्वविक्रमाशी बरोबरी, 1902 मध्ये फुटबॉलच्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनकडून खेळ, 1912 मध्ये इंग्लंडचं कर्णधारपद. असा हा माणूस 1920 मध्ये राष्ट्रसंघाच्या (पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रांच्या संघटनेच्या) पहिल्या अधिवेशनाला रणजितसिंहजींचा सल्लागार म्हणून जिनिव्हात होता. भारताच्या शिष्टमंडळात नवानगरचे जाम साहेब (तिथल्या राजाचा किताब) म्हणून रणजितसिंहजी होते, आणि त्यांच्या भाषणांचं लेखन बऱ्याच अंशी फ्राय करत. 1939 च्या आत्मचरित्रात फ्राय यांनी ही हकीकत दिली आहे. अल्बानियाचं शिष्टमंडळ एका इंग्रज सद्गृहस्थाच्या शोधात होतं, वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्न असलेल्या. बोलणं करायला आले होते ते एक बिशप, जुन्या जमान्यातले दाढीवाले इंग्रज क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आठवण व्हावी अशा दाढीचे. फ्राय यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते, रणजितसिंहजींनी ते देण्याची तयारी दाखवली नाही, आणि विषय तिथेच मिटला.

हे बिशप म्हणजे फान नोली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. माझं मत असं, की चाचपणी झाली असणं अगदी शक्य आहे, पण रीतसर देऊ करणं झालेलं नाही. तसा अधिकार एकट्या नोलींकडे नव्हता. चाचपणी शक्य का वाटते, तर इंग्रज खासदार ऑब्री हर्बर्ट यांनाही या गादीबद्दल विचारणा झाली होती, आणि तीही दोनदा. हर्बर्ट अल्बानियन भाषा जाणणारे, त्या देशासाठी जीव टाकणारे गृहस्थ होते. लहान देशाला ब्रिटनचा आधार हवा होता आणि तो मिळवायचा एक मार्ग म्हणून या गोष्टी चालत. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्या देशाच्या तिजोरीत पैसा नाही, शेजारच्या दोन राज्यांचा ज्याच्या जमिनीवर डोळा आहे, तो देश हाताशी असेल ते सगळं करून बघतो.

प्रश्न : हे जाम साहेब म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पोलिश मुलांना आसरा देणारे तेच का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. ते दिग्विजयसिंहजी, रणजितसिंहजींचे पुतणे. 1933 मध्ये रणजितसिंहजी वारल्यावर ते गादीवर आले. पोलिश मुलांसाठीची बालाचडीची छावणी त्यांची. तुमच्या शेजारी वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची याहून कितीतरी मोठी वसाहत होती, ती अर्थातच कोल्हापूर संस्थानातली.

प्रश्न : धर्मगुरू माणूस राजकारणात आणि परराष्ट्रव्यवहारात कसा शिरला? (एक वाचक, पुणे)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण नोलींच्या बाबतीत धर्मकार्य आणि राजकारण या दोन वेगळ्या खोल्या नव्हत्याच.

जन्म 6 जानेवारी 1882. गाव इब्रिक तेपे, एदिर्नेजवळ, म्हणजे आज तुर्कस्तानच्या युरोपातल्या भागात. अल्बानियापासून दूर असलेली ही अल्बानियन ऑर्थोडॉक्स लोकांची वस्ती. वडील चर्चमध्ये स्तोत्रं गाणारे. शिक्षण ग्रीक शाळेत, कारण दुसरी शाळाच नव्हती. उस्मानी राज्यात माणसाची नोंद भाषेवरून होत नसे, धर्मावरून होई. ऑर्थोडॉक्स असलात की तुम्ही ग्रीक कुलगुरूंच्या अमलाखाली, शाळा ग्रीक, प्रार्थना ग्रीक. घरात अल्बानियन बोला, पण देवाशी आणि सरकारशी बोलायला ती भाषा चालायची नाही. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

तरुण नोली अथेन्सला गेले. ट्रामवर कंडक्टरची नोकरी केली, नकलनवीस झाले, मग एका फिरत्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर आणि वेळ पडली तर नट. आपल्याकडे नाटक कंपन्या गावोगाव हिंडत होत्या तो हाच काळ. विंगेत उभं राहून दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं पुरवणारा माणूस शब्द कुठे टाकायचा आणि कुठे थांबायचं हे शिकतो. पुढे नोलींच्या भाषणांनी सभा हलत, त्याचं मूळ मला या विंगेत दिसतं. 1903 मध्ये ते इजिप्तला गेले. शिबिन अल-कोम आणि फय्यूम इथे ग्रीक शिकवायचं, चर्चमध्ये गायचं. तिथे अल्बानियन देशभक्तांची छोटी वसाहत होती, आणि तिच्या संगतीत या ग्रीक शिक्षकाचा अल्बानियन चळवळ्या झाला. 1906 मध्ये ते अमेरिकेत पोचले. बफेलोत लाकडाच्या कारखान्यात काही काळ राबून ते बोस्टनला आले आणि 'कोम्बी' या अल्बानियन वर्तमानपत्रात काम करू लागले.

आता एक घटना जरा जवळून पाहू. 1907, मॅसॅच्युसेट्समधलं हडसन नावाचं गाव. अल्बानियाच्या दक्षिणेकडून आलेले तरुण इथल्या कारखान्यांत काम करायचे, दाटीवाटीने एका खोलीत राहायचे आणि गावी पैसे पाठवायचे. त्यांतला एक, क्रिस्ताक दिश्नित्सा, वारला. सोबती ग्रीक धर्मगुरूकडे गेले आणि अंत्यविधीला चला म्हणाले. त्यांनी नकार दिला. कारण काय, तर हा मुलगा अल्बानियन राष्ट्रवादी होता आणि म्हणून आपोआप धर्मबाह्य ठरला होता. तरुण मुलाचं प्रेत समोर, घर समुद्रापलीकडे, आई-बापाला अजून कळलेलं नाही, आणि मातीला मंत्र मिळेना. शेवटी त्याला प्रार्थनेविना पुरलं. ज्यांनी मयताला खांदा दिला त्या मजुरांनी ठरवलं, की आता आपला धर्मगुरू आपण उभा करायचा.

त्यांनी नोलींना गळ घातली. वय सव्वीस. न्यूयॉर्कचे रशियन आर्चबिशप प्लातोन यांनी 8 मार्च 1908 रोजी त्यांना दीक्षा दिली. 22 मार्चला बोस्टनमध्ये भाड्याच्या एका सभागृहात नोलींनी अल्बानियन भाषेत प्रार्थना चालवली. त्या प्रार्थना कुठे छापलेल्या मिळत नव्हत्या. त्यांनी स्वतः भाषांतर केल्या, स्वतः म्हटल्या. नामकरणापासून अंत्यविधीपर्यंत सगळे विधी हळूहळू त्या भाषेत आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोनास्तिर इथे भरलेल्या परिषदेत अल्बानियन लिपीचा प्रश्न लॅटिनच्या बाजूने झुकला. म्हणजे लिपी ठरत असताना प्रार्थना तयार होत होत्या, आणि राज्य अजून चार वर्षं दूर होतं.

याचा मुत्सद्देगिरीशी काय संबंध? फार जवळचा. 1919 मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस यांनी दक्षिण अल्बानियावर हक्क सांगितला. त्यांच्या युक्तिवादाचा कणा हाच होता, की तिथले ऑर्थोडॉक्स लोक घरी अल्बानियन बोलत असले तरी मनाने ग्रीक आहेत. व्हेनिझेलोस हे त्या पिढीतले फार मोठे वक्ते, पॅरिसमध्ये त्यांचा दबदबा होता. त्यांना उत्तर द्यायला मुसलमान बेय (जमीनदार सरदार) उभा राहिला असता तर त्याचं कुणी ऐकलं नसतं. दाढी राखलेला, झगा घातलेला, ग्रीक भाषेत पारंगत असा ऑर्थोडॉक्स धर्मगुरू समोर येऊन 'मी अल्बानियन आहे' म्हणतो, तेव्हा तो दावा जागीच लंगडा पडतो. नोलींचा झगा हाच त्यांच्या बाजूचा पुरावा होता. आणि तो हडसनच्या त्या मजुरांनी त्यांच्या अंगावर चढवलेला होता.

दरम्यान 1912 मध्ये त्यांनी हार्वर्डची पदवी घेतली होती. त्याच वर्षी फाईक कोनित्सा आणि ते, दोघांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या अल्बानियन संस्था एकत्र येऊन 'वात्रा' ही संघटना झाली. 'दिएली' हे तिचं वर्तमानपत्र. मजुरांच्या वर्गणीवर चालणारी ही संघटना महायुद्धाच्या काळात जवळजवळ परराष्ट्रखात्याचं काम करत होती, कारण मायदेशात सरकार म्हणावं असं काही उरलं नव्हतं. 26 एप्रिल 1915 च्या लंडनच्या गुप्त करारात इटलीला व्लोरा आणि सझान बेट कबूल केलं होतं, आणि उरलेल्यातले उत्तर-दक्षिणेचे लचके शेजाऱ्यांना द्यायची सोय ठेवली होती. 1917 मध्ये बोल्शेविकांनी तो करार छापून टाकला तेव्हा जगाला कळलं. 4 जुलै 1918 रोजी अध्यक्ष विल्सन यांनी माउंट व्हर्नन इथे निरनिराळ्या देशांतून आलेल्या अमेरिकनांच्या प्रतिनिधींची भेट घेतली. नोली त्यांत होते आणि त्यांनी तिथे विल्सन यांच्यापुढे अल्बानियाची बाजू मांडली. विल्सन यांनी पुढे अल्बानियाच्या फाळणीला विरोध केला, हे परिषदेच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

1920 च्या उन्हाळ्यात अल्बानियन लोकांनी व्लोरात इटालियन सैन्याशी लढून त्याला मुख्य भूमी सोडायला लावली. मग उरलं राष्ट्रसंघाचं सभासदत्व. या कामासाठी शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून नोली जिनिव्हाला गेले. अर्ज ज्या समितीपुढे आला तिचा कल अर्ज लांबणीवर टाकण्याकडे होता. सीमा नक्की नाहीत, 1913 चं राज्य महायुद्धानंतर जिवंत आहे की नाही तेच कळत नाही, बड्या सत्तांनी अजून निर्णय दिलेला नाही, अशी कारणं होती. ग्रीस आणि सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्य (पुढचा युगोस्लाव्हिया, राजधानी बेलग्रेड) दोघेही आधीच सभासद. नोलींनी मग समितीचा नाद सोडून एकेका शिष्टमंडळाचं दार ठोठावलं. लॉर्ड रॉबर्ट सेसिल, जे त्या अधिवेशनात दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी होते, त्यांनी अल्बानियाची बाजू उचलून धरली. 17 डिसेंबर 1920 रोजी सर्वसाधारण सभेत मतदान झालं आणि अल्बानिया सभासद झाला. विरोधात एकही मत पडलं नाही.

रणजितसिंहजी आणि फ्राय याच अधिवेशनात होते. पारतंत्र्यातला भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद होता आणि स्वातंत्र्य जाहीर करून आठ वर्षं झालेला अल्बानिया दाराबाहेर उभा होता, हे चित्र मला वर्गात सांगताना नेहमीच अस्वस्थ करायचं. विद्यार्थ्यांनाही करायचं.

सभासदत्वाचा फायदा लगेच दिसला. 1921 मध्ये बेलग्रेडचं सैन्य उत्तर अल्बानियात घुसलं, तेव्हा तो एका सभासदाने दुसऱ्या सभासदावर केलेला हल्ला ठरला. ब्रिटनने प्रकरण राष्ट्रसंघापुढे नेलं आणि 9 नोव्हेंबर 1921 रोजी बड्या सत्तांच्या राजदूतांच्या परिषदेने किरकोळ बदल करून 1913 च्या सीमा कायम केल्या. त्याच निर्णयात इटलीच्या खास हितसंबंधांना मान्यता होती, आणि तो काटा पुढे फार खोल रुतला. पण देश नकाशावर राहिला. माझ्या मते नोलींच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम हेच. पंतप्रधानकी नाही.

प्रश्न : पंतप्रधान झाल्यावर सहा महिन्यांतच त्यांची सत्ता गेली, असं वाचलं. मग त्यांना अपयशीच म्हणावं लागेल ना? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

बाई, सत्तेपुरतं म्हणाल तर हो. पण ते अपयश कशामुळे आलं ते पाहण्यासारखं आहे.

नोली 'वात्रा'चे प्रतिनिधी म्हणून अल्बानियाच्या संसदेत गेले. 1921 च्या अखेरीस झालेल्या मंत्रिमंडळात ते थोडा काळ परराष्ट्रमंत्री होते. गृहमंत्री होता अहमद झोगू, 'माती' नावाच्या खोऱ्यातला सरदार, वय सव्वीस. पुढची सगळी लढाई या दोघांतली. 1922 मध्ये बेराटच्या परिषदेत अल्बानियाचं ऑर्थोडॉक्स चर्च स्वतंत्र असल्याचं जाहीर झालं, आणि 1923 च्या नोव्हेंबरात नोलींचा बिशप म्हणून रीतसर अभिषेक झाला. त्याआधी अमेरिकेतल्या त्यांच्या लोकांनीच त्यांना बिशप मानलं होतं.

1924 च्या फेब्रुवारीत संसदेच्या इमारतीत झोगूवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो जखमी झाला. एप्रिलमध्ये तरुणांचा लाडका पुढारी अवनी रुस्तेमी तिरानात गोळीला बळी पडला. व्लोरात त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीपुढे नोलींनी जे भाषण केलं, त्याने वणवा पेटला. जूनमध्ये उठाव झाला, झोगू युगोस्लाव्हियात पळाला, आणि 16 जूनला बिशप नोली पंतप्रधान झाले.

त्यांनी वीस कलमी कार्यक्रम मांडला. सरंजामशाही मोडायची, बेय जमीनदारांच्या तावडीतून कुळांना सोडवायचं, हत्यारं गोळा करायची, नोकरशाही छाटायची, शाळा, रस्ते, पूल बांधायचे. आपल्याकडे कूळकायदा यायला अजून कितीतरी वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट. कार्यक्रम मला आजही मनापासून पटतो. पण तो राबवणार कोण? मंत्रिमंडळात सुधारक होते, तसे जुने जमीनदार होते, लष्करी अधिकारी होते. पाठीशी बायराम त्सुरी यांच्यासारखे कोसोव्होचे लढवय्ये होते, ज्यांना जमिनीच्या प्रश्नापेक्षा बेलग्रेडशी हिशेब चुकता करायचा होता. तिजोरीत पैसा नव्हता. जमिनी काढून घेण्याचा निर्णय पुढे पुढे ढकलला गेला. नोलींनीच नंतर याचं निदान केलं आहे : सुधारणांचा आग्रह धरून मी जमीनदारांचा रोष ओढवला, आणि त्या अमलात न आणल्याने शेतकऱ्यांचा आधार गमावला. इतकं स्वच्छ निदान राजकारणातली माणसं स्वतःबद्दल सहसा करत नाहीत.

दुसरी बाजू परराष्ट्राची, आणि तिथेच मला जास्त हळहळ वाटते. सरकार बंदुकीच्या जोरावर आलेलं होतं, म्हणून परकीय सत्ता म्हणत होत्या, की आधी निवडणूक घ्या, मग मान्यता. नोली म्हणत, आधी सुधारणा, मग निवडणूक. मान्यता नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सुधारणा नाहीत. सप्टेंबर 1924 मध्ये ते पुन्हा जिनिव्हात उभे राहिले, या वेळी पंतप्रधान म्हणून. चार वर्षांपूर्वी याच शहरात एकेकाची समजूत काढून त्यांनी देशाला आत घेतलं होतं. आता ते कर्ज मागायला आले होते आणि भाषणात त्यांनी राष्ट्रसंघाच्या शांततेच्या गप्पांवर आणि संसदीय कारभारावर असा आसूड ओढला, की लोकांनी करमणूक म्हणून ऐकलं आणि पैसा दिला नाही. विंगेतून आलेल्या त्या माणसाला सभा जिंकण्याची सवय होती. त्या दिवशी सभा जिंकायची नव्हती, दोन-चार अर्थमंत्र्यांचं मन वळवायचं होतं. 1920 मध्ये त्यांना हे अचूक ठाऊक होतं.

पश्चिमेने पाठ फिरवल्यावर त्यांनी सोव्हिएत रशियाशी संबंध जोडायची तयारी केली. डिसेंबरच्या मध्यावर सोव्हिएत प्रतिनिधी तिरानात उतरला आणि शेजाऱ्यांनी एवढा गदारोळ केला, की त्याला लगेच परत पाठवावं लागलं. 'लाल बिशप' हे नाव मात्र कायमचं चिकटलं. त्याच महिन्यात झोगू युगोस्लाव्हियाच्या मदतीने, रशियातून परागंदा झालेल्या झारच्या पक्षातल्या सैनिकांना बरोबर घेऊन आत घुसला आणि 24 डिसेंबरला तिराना त्याच्या हातात गेलं. नोली इटलीला निसटले. त्यांचे अर्थमंत्री लुईज गुराकुची यांचा 1925 च्या मार्चमध्ये बारी शहरात खून झाला, त्याच महिन्यात बायराम त्सुरी मारले गेले. नोलींना गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली. आणि फ्राय यांच्या वाट्याला न आलेली ती गादी 1 सप्टेंबर 1928 ला झोगूने स्वतःच घेतली, राजा झोग म्हणून.

प्रश्न : पुढे त्यांचं काय झालं? ते लेखकही होते म्हणतात. (एक वाचक, ठाणे)

काही वर्षं व्हिएन्ना आणि जर्मनी. तिथून झोगविरोधी समिती चालवली, 1927 मध्ये मॉस्कोलाही जाऊन आले. मग राजकारणातून अंग काढून घेतलं आणि 1932 मध्ये अमेरिकेला कायमचे परतले. पण याच परागंदा वर्षांत त्यांनी जे भाषांतराचं काम केलं त्याला तोड नाही. 'ऑथेल्लो' त्यांनी 1916 मध्येच अल्बानियनमध्ये आणलं होतं. आता 'हॅम्लेट', 'मॅकबेथ', 'ज्यूलियस सीझर', इब्सेन, सर्व्हांतेसचा 'डॉन किहोते', आणि उमर खय्यामच्या रुबाया. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं ते 1883 मध्ये, तेव्हा मराठी गद्य चांगलं रुळलेलं होतं, छापखाने होते, वाचक होते. नोलींच्या भाषेची लिपीच जेमतेम दोन दशकांची होती. 'डॉन किहोते'च्या प्रस्तावनेत त्यांनी जुन्या जमान्यात अडकलेल्या त्या सरदाराच्या जागी अल्बानियाच्या बेय मंडळींना उभं केलं आहे. जमीन त्यांच्या हातून काढून घेता आली नाही, ते निदान कागदावर तरी लिहून ठेवलं. खय्यामबद्दल सांगायचं तर त्याच सुमाराला आपल्याकडे माधव जूलियन मूळ फारसीतून त्याला मराठीत आणत होते. नोलींनी फिट्झजेरल्डच्या इंग्रजीचा आधार घेतला. माधवरावांच्या आणि नोलींच्या रुबाया शेजारी ठेवून वाचणारा, दोन्ही भाषा जाणणारा वाचक कधीतरी निपजावा अशी माझी फार इच्छा आहे.

बोस्टनमध्ये ते चर्च सांभाळत राहिले आणि शिकत राहिले. 1938 मध्ये तिथल्या संगीत महाविद्यालयातून पदवी घेतली, छप्पन्नाव्या वर्षी. 1945 मध्ये बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट, विषय पंधराव्या शतकात उस्मानी सैन्याशी लढलेला अल्बानियन वीर स्कांदरबेग. 1947 मध्ये बीथोव्हन आणि फ्रेंच राज्यक्रांती यांच्यावर ग्रंथ. महायुद्धानंतर अल्बानियात आलेल्या एनव्हर होजाच्या साम्यवादी सरकारशी अमेरिकेने संबंध ठेवावेत, असं त्यांचं मत होतं. त्यावरून अमेरिकेतल्या अल्बानियन लोकांत मोठी फूट पडली, आणि त्या बाबतीत मला त्यांची बाजू घेता येत नाही. होजाने 1967 मध्ये देशातली सगळी चर्च आणि मशिदी बंद केल्या. ते पाहायला नोली नव्हते. 13 मार्च 1965 रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं, आणि बोस्टनच्या फॉरेस्ट हिल्स दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली गेली.

साम्यवादी राजवट गेल्यावर अल्बानियाने 1996 च्या मालिकेत 100 लेकच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. ज्यांना नोटा जमवण्याचा छंद आहे त्यांनी ती मिळवून पाहावी. समोर नोली आहेत, दाढीसकट. ग्रेसशी साम्य दिसतं की नाही, ते मला जरूर कळवा.